ब्रिटनमध्ये ऑल-सीझन टायर बसवताना : मापं कशी जुळवायची आणि विमा कंपनीला काय सांगायचं

नवरात्र सरत आलं की मला दरवर्षी तीन-चार फोन येतात. भारतातून नुकतंच आलेलं कुटुंब असतं, पहिली सेकंडहँड गाडी घेऊन काही महिने झालेले असतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "दादा, इथे हिवाळ्याचे वेगळे टायर लावावे लागतात का? आणि लावले तर इन्शुरन्सवाल्यांना कळवायचं का?"

दोन्हीची छोटी उत्तरं आधी देतो. ब्रिटनमध्ये हिवाळी टायरची कायद्याने सक्ती नाही. आणि गाडीच्या मूळ मापाचेच ऑल-सीझन टायर लावले, तर बहुतेक कंपन्या त्याला गाडीतला बदल मानत नाहीत आणि प्रीमियमही वाढवत नाहीत. तरीही टायर घेण्याआधी पॉलिसी उघडून बघा, आणि शंका राहिली तर कंपनीला लेखी विचारा, असंच मी प्रत्येकाला सांगतो. दहा मिनिटांचं काम आहे. ते का करायचं आणि नेमकं काय विचारायचं, ते पुढे सविस्तर येईल. आधी टायरचं बघू, कारण विम्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर टायरवरच्या आकड्यांत असतं.

बर्फ नव्हे, गारठा

मी शेफील्डला राहतो. हे गाव टेकड्यांवर वसलंय. क्रुक्स, वॉक्ली या भागांतले काही रस्ते इतके उभे आहेत की पायी चढतानाही धाप लागते. इथल्या पहिल्या हिवाळ्यात बर्फ पडलेलाच नव्हता. सकाळची वेळ, ओला रस्ता, थंडी दोन-तीन अंशांची. उतारावर ब्रेक लावला आणि गाडी थांबायच्या ऐवजी संथपणे पुढे सरकत राहिली. टायर गोटा झालेले नव्हते, खाचा चांगल्या खोल होत्या. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मागच्या सीटवर मुलगी होती. टायर या विषयाकडे मी लक्ष द्यायला लागलो तो त्या सकाळपासून.

झालं होतं ते असं. ब्रिटनमधल्या बहुतेक गाड्यांवर मुळात 'समर' टायर असतात. त्यांचं रबर उबदार रस्त्यासाठी बनवलेलं असतं. पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की ते रबर कडक होत जातं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला पूर्वीसारखं चिकटत नाही. ७ वर काही रेघ मारलेली नाही, पकड हळूहळू कमी होत जाते. पण टायर बनवणारे सगळे हाच आकडा खूण म्हणून वापरतात. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. टायर दाबला गेला की त्या चिरा उघडतात आणि बर्फाला किंवा ओल्या डांबराला धरून ठेवतात. ऑल-सीझन टायर या दोघांच्या मधला. जानेवारीत चालतो, जुलैतही चालतो.

नोव्हेंबर ते मार्च इथल्या बहुतेक सकाळी ७ अंशांच्या खालीच सुरू होतात. बर्फ मात्र वर्षातून थोडेच दिवस, काही वर्षी तर जवळजवळ नाहीच. म्हणून हिवाळ्यात एक संच आणि उन्हाळ्यात दुसरा, असं दोनदा बदलत बसण्यापेक्षा इथल्या हवेला ऑल-सीझन हाच सोयीचा पर्याय आहे, असं माझं ठाम मत आहे. दोन संच ठेवायचे तर चार टायर उभे करायला जागा लागते, आणि भाड्याच्या घरात ती कुणाकडे असते? स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, केर्नवेल घाटाच्या वाटेवर रोजचं जाणं-येणं असेल तर गोष्ट वेगळी. ब्रिटनमधला सर्वांत उंच मुख्य रस्ता तिथे ६७० मीटरवरून जातो. तिथे पूर्ण हिवाळी टायरच घ्यावेत. उलट लंडनमध्ये राहून आठवड्यातून एकदा साउथॉलला भाजी आणायला जाणाऱ्याचे समर टायर अजून चांगले असतील, तर ते संपेपर्यंत वापरावेत आणि मग ऑल-सीझन घ्यावेत. घाईने चांगले टायर फेकून देऊ नका.

पहिलं काम : आत्ताचे टायर वाचा

गाडीजवळ जा आणि टायरची बाजू वाचा. असं काहीतरी लिहिलेलं असेल : २०५/५५ आर १६ ९१ व्ही. यातला २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत भारतातही आपण दुकानात सांगतो. पुढचे दोन मात्र बहुतेक जण वाचतच नाहीत आणि विम्याचा गुंता नेमका तिथे असतो.

९१ हा भाराचा क्रमांक. एका टायरने ६१५ किलोपर्यंत वजन पेलावं असा त्याचा अर्थ. ९४ असेल तर ६७० किलो. व्ही हे वेगाचं अक्षर : ताशी २४० किलोमीटर. एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०, डब्ल्यू म्हणजे २७०. तुम्ही म्हणाल, इथल्या मोटरवेवर मर्यादाच ७० मैलांची, म्हणजे ११२ किलोमीटरची, मग २१० च्या टायरने काय बिघडतं? गाडी धावायला काही बिघडत नाही. पण गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्यापेक्षा हे अक्षर खालचं असेल, तर 'गाडी निर्मात्याच्या निकषाप्रमाणेच आहे' हे वाक्य तुम्हाला विमा कंपनीपुढे म्हणता येत नाही. भाराचा क्रमांक तर कधीच कमी करू नका. पाच माणसं, डिक्की भरलेली आणि वर छतावर पेटी, अशी सुट्टीची गाडी डोळ्यांसमोर आणा.

सेकंडहँड गाडीत आणखी एक अडचण असते. आधीच्या मालकाने चुकीचं माप लावलेलं असू शकतं. त्यामुळे टायरवरचे आकडे चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असलेल्या स्टिकरशी आणि गाडीच्या हँडबुकशी ताडून पाहा. दोन्हींत फरक असेल तर स्टिकर आणि हँडबुक खरं धरा. एकाच मॉडेलला दोन-तीन मापं चालतात, तेव्हा तुमच्या रिमच्या व्यासाची ओळ शोधा. आकड्यांचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

हे करताना खाचांची खोलीही बघा. कायद्याने टायरच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, पूर्ण घेरभर किमान १.६ मिलिमीटर खोली हवी. घरच्या घरी तपासायचं तर २० पेन्सचं नाणं खाचेत उभं घाला. नाण्याच्या कडेची उंच पट्टी दिसत असेल तर टायर संपत आलाय. १.६ पेक्षा कमी भरला तर एका टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर गुन्ह्याचे ३ पॉइंट. आता नव्याने आलेल्यांनी हे नीट ऐका. भारताचा परवाना इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतो, मग इथली परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की परवाना रद्द होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. दोन गोटा झालेले टायर त्यासाठी पुरेसे आहेत.

कोणता टायर घ्यायचा

नाव कोणतंही असो, टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण शोधा. ही खूण असलेला टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेला असतो. 'एम अँड एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढीच अक्षरं असतील तर त्यामागे तशी चाचणी नसते. टायर बनवणाऱ्याने स्वतः दिलेली ती ग्वाही असते. मिशलँचा क्रॉसक्लायमेट २, गुडइयरचा व्हेक्टर फोर सीझन्स, कॉन्टिनेंटलचा ऑलसीझनकॉन्टॅक्ट २ या सगळ्यांवर डोंगराची खूण आहे. यांतला अमुकच घ्या असं मी सांगणार नाही, कारण तुमच्या मापात कोणता मिळतो आणि त्या आठवड्यात काय भाव आहे यावर ते ठरतं. लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी असते, ती मात्र जरूर बघा. ब्रिटनमध्ये बर्फापेक्षा पाऊसच तुमची परीक्षा जास्त घेणार आहे.

जुने, वापरलेले टायर इथे कायदेशीरपणे विकले जातात. त्यांवर 'पार्ट वर्न' असा शिक्का आणि किमान २ मिलिमीटर खोली लागते. नवी नोकरी, घराचं डिपॉझिट, व्हिसाची फी या सगळ्यात पैशाची ओढ मला कळते. तरी वापरलेले घेऊ नका. ऑल-सीझन टायरची बर्फावरची ताकद खाचा ४ मिलिमीटरच्या आसपास आल्या की ओसरायला लागते, म्हणजे २-३ मिलिमीटरचा जुना टायर घेऊन ज्यासाठी पैसे टाकले तेच हाती येत नाही.

आणि घ्यायचे तर चारही घ्या. "पुढचे दोनच लावतो, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे," असं सांगणारे बरेच भेटतात. त्यात पुढची चाकं रस्ता धरतात आणि मागची, कडक रबराची, सुटतात. वळणावर किंवा ब्रेक लावताना गाडीचा मागचा भाग फिरून पुढे यायला बघतो. सरळ घसरणारी गाडी सावरता येते. गिरकी घेणारी गाडी सावरणं नवख्याच्या हातात नसतं. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच जातीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे लागतात, नाहीतर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो.

विमा कंपनीला सांगायचं का

भारतातून आलेल्या माणसाच्या मनात इथल्या विम्याची धास्ती असते, आणि ती उगीच नाही. इथला अनुभव शून्य, परदेशी परवाना, तिकडचा नो क्लेम बोनस अनेक कंपन्या धरतच नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षीचा प्रीमियम डोळे पांढरे करतो. असा माणूस कंपनीला आपणहून काही सांगायला बिचकतो. "विचारलं तर वाढवतील, नाही सांगितलं तर कोण बघायला येतंय?" हा विचार मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. म्हणून इथे जरा थांबतो.

२०१२ चा ग्राहक विमा कायदा २०१३ च्या एप्रिलपासून लागू आहे. त्याआधी तुम्हाला स्वतःहून आठवून आठवून सगळं सांगावं लागे. आता ग्राहकाचं कर्तव्य एवढंच, की कंपनी जे विचारेल त्याचं वाजवी काळजी घेऊन खरं उत्तर द्यायचं. म्हणजे पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरण करताना "गाडीत काही मॉडिफिकेशन केलंय का?" असं विचारलं तर खरं सांगा. तो प्रश्न साधारणपणे कारखान्यातून आल्यानंतर गाडीत झालेल्या बदलांबद्दल असतो : मोठे अलॉय, वेगळा सायलेन्सर, खाली बसवलेलं सस्पेन्शन. झिजलेल्या टायरच्या जागी त्याच मापाचा, त्याच भाराचा, त्याच वेगाचा दुसरा टायर लावणं हे ब्रेक पॅड बदलण्यासारखं देखभालीचं काम आहे. तो टायर ऑल-सीझन आहे एवढ्याने सहसा काही बदलत नाही.

पण पॉलिसी वर्षाच्या मध्ये असेल, तर तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत 'आम्हाला कळवायचे बदल' अशा अर्थाचं जे पान असतं, ते लागू होतं, आणि त्याचे शब्द प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. कुठे फक्त 'गाडीतले बदल' असं मोघम लिहिलेलं असतं, कुठे चाकांचा उल्लेख असतो. हिवाळी टायरबाबत असोसिएशन ऑफ ब्रिटिश इन्शुरर्स या विमा कंपन्यांच्या संघटनेने सभासद कंपन्यांची भूमिका मांडणारं पत्रक काढलेलं आहे. त्याचा सूर असा : टायर गाडी निर्मात्याच्या निकषात बसणारे असतील आणि नीट बसवलेले असतील तर जादा प्रीमियम नाही, काही कंपन्यांना कळवायची गरज नाही, काहींना नुसतं कळवलेलं हवं. त्यात तुमच्या कंपनीचं नाव सापडलं तर काम सोपं होतं. मात्र ते पत्रक हिवाळी टायरचं आहे, आणि तुमची पॉलिसी त्यापेक्षा वरचढ. दोन्ही वाचा.

मग कळवलंच पाहिजे असं कधी? माझा नियम सरळ आहे. रिमचा व्यास किंवा टायरची रुंदी बदलली, वेगाचं अक्षर खाली आलं, किंवा हिवाळ्यासाठी लोखंडी रिमांचा वेगळा संच घेतला, की न चुकता कळवायचं. यांतलं काहीच नसेल आणि पुस्तिकेतही टायरबद्दल काही नसेल, तर कळवणं बंधनकारक नसतं. तरी मी एकदा विचारून ठेवतो.

विचारायची पद्धत महत्त्वाची. फोनवर "मी गाडीत बदल केलाय" असं सुरू केलंत तर समोरचा माणूस बदलांचा फॉर्म उघडतो आणि तुम्हाला नको त्या वाटेने नेतो. शक्यतो ईमेल करा किंवा वेबसाइटवरच्या चॅटमध्ये लिहा आणि एवढंच सांगा : झिजलेले टायर बदलतोय. नवे टायर ऑल-सीझन आहेत. माप, भाराचा क्रमांक आणि वेगाचं अक्षर हँडबुकप्रमाणेच आहे, रिम मूळचेच आहेत. हे तुमच्याकडे नोंदवावं लागतं का? लागत असेल तर प्रीमियम किंवा तुमची फी काही लागेल का? शेवटचा प्रश्न विसरू नका. काही कंपन्या प्रीमियम वाढवत नाहीत, पण पॉलिसीत कुठलीही नोंद करायची प्रशासकीय फी घेतात. आधी नुसतं विचारा, फी कळल्यावर नोंद करायची की नाही ते ठरवा. माझ्या वेळी चॅटवर दोन ओळींचं उत्तर आलं : मूळ निकषाचे टायर असतील तर नोंदीची गरज नाही. त्या चॅटचा स्क्रीनशॉट आणि टायरची पावती मी एका फोल्डरमध्ये ठेवली आहे. फोनवरच बोलणं झालं तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं पहिलं नाव लिहून घ्या आणि "हेच मला ईमेलने पाठवाल का?" असं विचारा. पाठवतात.

समजा सांगायचं राहिलं आणि अपघात झाला. म्हणजे सगळं बुडालं का? तसं नाही. त्याच २०१२ च्या कायद्याप्रमाणे खरी माहिती कळली असती तर आपण ही पॉलिसी दिलीच नसती किंवा वेगळ्या अटींवर दिली असती, हे कंपनीला दाखवावं लागतं. चूक निष्काळजीपणाची असेल आणि फक्त प्रीमियम जास्त लागला असता असं असेल, तर त्या प्रमाणात क्लेम कापला जातो. तुम्ही ६०० पौंड भरले आणि खरं सांगितल्यावर ८०० लागले असते, तर तीन-चतुर्थांश मिळणार : ८,००० च्या क्लेमचे ६,०००. मूळ मापाच्या ऑल-सीझन टायरला प्रीमियम वाढतच नसेल, तर कापायला काही उरत नाही. मुद्दाम खोटं बोललात तर मात्र कंपनी पॉलिसीच रद्दबातल धरू शकते. म्हणून "कोण बघायला येतंय" हा विचार मोठ्या रिमांच्या बाबतीत घातक आहे. मोठ्या अपघातानंतर कंपनीचा तपासनीस गाडी बघतो आणि टायरवरचे आकडे वाचायला त्याला मिनिटभरही लागत नाही.

ज्याला धक्का लागला त्याची भरपाई वेगळी. थर्ड पार्टीचं देणं टायरच्या अवस्थेकडे बोट दाखवून कंपनीला टाळता येत नाही, १९८८ चा रोड ट्रॅफिक ॲक्ट तशी मुभा देत नाही. पण दिलेले पैसे ती तुमच्याकडून वसूल करू पाहू शकते, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीचा क्लेम अडू शकतो. जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची अट असते. म्हणजे बघा, ऑल-सीझन टायर न कळवल्याने जेवढा धोका आहे, त्याहून कितीतरी जास्त धोका गोटा झालेल्या टायरने आहे.

गाडी लीजवर, पीसीपीवर (हप्ते भरून शेवटी गाडी परत देता येते ती योजना) किंवा नोकरीच्या कंपनीची असेल तर आधी गाडीच्या मालकाला विचारा, विमा कंपनीला नंतर. लीजवाल्यांचे टायरबद्दल स्वतःचे नियम असतात आणि गाडी परत देताना ते तपासतात.

टायर बसवण्याचा दिवस

पहिला बर्फ पडला की सगळ्या टायरवाल्यांकडे रांगा लागतात आणि नेमकं आपलं माप संपलेलं असतं. गणपती विसर्जनापासून दिवाळीपर्यंतचा काळ उत्तम. ऑनलाइन टायर घेऊन जवळच्या गॅरेजची वेळ ठरवता येते, किंवा व्हॅन घेऊन घरी येणारा फिटर बोलावता येतो. लहान मूल घरात असेल तर दुसरं सोयीचं. किंमत विचारताना ती 'फुल्ली फिटेड' आहे का ते विचारा, म्हणजे नवा व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि जुन्या टायरची विल्हेवाट धरून. अलाइनमेंटचे पैसे वेगळे लागतात. जुने टायर एका बाजूने झिजले असतील तरच ते करून घ्या.

जाण्याआधी गाडीत चोर-नटाची चावी शोधा. इथल्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाकाचा एक नट वेगळ्या आकाराचा असतो, आणि तो उघडायला खास सॉकेट लागतं. ते ग्लव्ह बॉक्समध्ये नाहीतर डिक्कीत, स्टेपनीच्या खाचेत असतं. सेकंडहँड गाडीत ते हरवलेलंही असू शकतं. फिटर दारात आल्यावर हे कळलं तर फेरी वाया जाते, किंवा नट तोडून काढायचे वेगळे पैसे पडतात. (स्टेपनीच्या जागी इथे अनेकदा फक्त पंक्चरचा फेस आणि छोटा पंप असतो, तेही त्याच वेळी बघून घ्या.)

टायर रिमवर चढवण्याआधी स्वतः उभं राहून चार गोष्टी बघा. माप, भार आणि अक्षर तुम्ही मागवलेलंच आहे ना. डोंगराची खूण आहे ना. बनल्याची तारीख : टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. फार जुना माल असेल तर नाही म्हणा. आणि दिशा : बऱ्याच ऑल-सीझन टायरांची नक्षी बाणासारखी असते आणि बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. चाक पुढे फिरताना बाणही पुढे गेला पाहिजे. उलटा बसला तर पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढलं जातं. ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते. माझ्या गाडीचं एक चाक असंच उलटं बसलं होतं, मी दाखवल्यावर फिटरने लगेच बदलून दिलं.

नट शेवटी टॉर्कच्या पान्याने, हँडबुकातल्या आकड्यापर्यंत आवळायला सांगा. नुसत्या मशिनच्या गनने आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर हाताने सुटत नाहीत.

नंतरचे काही दिवस

हवेचा दाब दाराच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा, आणि डॅशबोर्डवरची दाबाची सूचना हँडबुकात दिल्याप्रमाणे रीसेट करा. थंडी वाढली की दाब आपोआप उतरतो, दर १० अंशांमागे साधारण १ ते २ पीएसआय, म्हणून डिसेंबरात पुन्हा बघा. २०१२ पासून वापरात आलेल्या गाड्यांत दाब मोजणाऱ्या यंत्रणेतच बिघाड असल्याचा दिवा लागून राहिला तर एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीत, गाडी नापास होते.

पहिले शंभर मैल जपून चालवा, नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. तीस-पन्नास मैलांनंतर नट पुन्हा आवळून घ्या. बहुतेक गॅरेजं ते फुकट करतात. आणि एक विसरू नका : टायर चांगले आहेत म्हणून स्नेक पास बर्फात ओलांडायला जाऊ नका. शेफील्डहून मँचेस्टरला जाणारा तो घाट बर्फात बंदच करतात. चांगल्या टायरलाही काळ्या, पारदर्शक बर्फावर फारशी पकड मिळत नाही.

ख्रिसमसच्या सुट्टीत गाडी घेऊन युरोपात उतरणार असाल तर मात्र नियम बदलतात. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असताना हिवाळी टायर लागतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त डोंगराची खूण असलेले टायर त्यात मोजले जातात. नुसतं 'एम अँड एस' चालत नाही. खूण असलेला ऑल-सीझन चालतो. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल अशा हवेत हिवाळी टायर हवेत आणि खाच किमान ४ मिलिमीटर. फ्रान्सच्या डोंगराळ जिल्ह्यांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च असे टायर किंवा गाडीत साखळ्या लागतात. निघण्याआधी विमा कंपनीला त्या देशातलं संरक्षण किती दिवसांचं आणि किती व्याप्तीचं आहे ते विचारून घ्या, कारण काही पॉलिसी परदेशात फक्त किमान थर्ड पार्टीवर उतरतात.

वर्ष संपताना नूतनीकरणाचं पत्र येईल किंवा तुम्ही तुलना करणाऱ्या साइटवर नवी कंपनी शोधाल. तिथे मॉडिफिकेशनचा प्रश्न पुन्हा येतो. मूळ मापाचे टायर असतील तर उत्तर 'नाही' हेच. पण जुन्या कंपनीने दिलेलं आश्वासन नवीला लागू होत नाही, म्हणून कंपनी बदललीत तर पहिल्या चौदा दिवसांत, पॉलिसी मागे घेण्याची मुदत संपण्याआधी, तोच प्रश्न नव्या कंपनीला पुन्हा लिहून विचारा. आणि कुणी टायरचं कारण देऊन क्लेम नाकारला तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिला उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिस या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा. तिथे ग्राहकाला पैसे पडत नाहीत, पण कंपनीच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. सोबत टायरची पावती, आकड्यांचा फोटो आणि त्या चॅटचा स्क्रीनशॉट जोडा.